गिरणेची वाळू आणि काठच्या विहिरी

सह्याद्रीत उगम पावलेली गिरणा नदी मालेगावावरून जळगाव जिल्ह्यात येते व चाळीसगाव, भडगाव, पाचोरा या तालुक्यांतून वाहत जाऊन पुढे तापीस मिळते. या खोऱ्यातील वस्ती फार जुनी आहे. चाळीसगाव तालुक्यातील बहाळ येथे १९५२-५३ साली झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणकालीन गावाचे अवशेष सापडले. नदी आटली तरी वाळूत झिरा खणावा आणि घागर भरावी, हा काठच्या गावांचा आधार होता.

बांधकामासाठी वाळूचा उपसा वाढला आणि खोऱ्याचे रूप पालटले. सपाट वाळवंटाच्या जागी खड्डे दिसतात, कोठे तळचा खडक उघडा पडतो, आणि पुरात काठ ढासळून कसदार मळईची जमीन वाहून जाते.

वाळू ही नदीची कोठी होय. पाण्याने भरलेल्या भरड वाळूतून तिच्या घनफळाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतके पाणी निथळते. ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेव्हा एक ब्रास वाळू गेली की साडेपाचशे लिटरांचे भांडेच गेले. एक हेक्टर पात्रातील एक मीटर थर गेल्यास हा हिशेब वीस लाख लिटरांवर जातो. खड्ड्यातही पाणी साचतेच, असे काही जण म्हणतात. परंतु उघडे पाणी वैशाखाच्या उन्हात भराभर आटते, वाळूखालचे टिकते. शिवाय पात्र खोल गेले की काठच्या विहिरींचे पाणी उलट नदीकडे ओढले जाते. विहीर खोल करण्याचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या माथी बसतो.

गेलेली वाळू पुरासरशी परत येईल, ही आशाही आता थोडीच. १९६९ साली गिरणा धरण पूर्ण झाले. वरून येणारी भरड वाळू तेथेच अडते.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन मीटर अथवा पाण्याची पातळी, यांपैकी जे कमी असेल त्याखाली उत्खनन करता येत नाही. पावसाळ्यात तर ते वर्ज्यच आहे. तक्रार करताना तोंडी सांगण्यापेक्षा आकडा उपयोगी पडतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी काठच्या चार-पाच विहिरी निवडून कार्तिकात व वैशाखात काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे, पुलाच्या खांबावर पात्राच्या पातळीची रंगाने खूण करावी आणि दोन्ही नोंदी तारखेसह ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात.