नीलम घेताना

बडोद्याचे खंडेराव गायकवाड (कारकीर्द १८५६ ते १८७०) यांनी मदिनेला अर्पण करण्यासाठी मोत्यांचा गालिचा घडवून घेतला. त्यात हिरे, माणके, पाचूंबरोबर नीलमही जडवले होते. तो गालिचा मदिनेला गेलाच नाही. २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात विकला गेला.

त्या गालिच्यातले नीलम आणि माणिक ही एकाच खनिजाची, कुरुंदाची रत्ने. लोह व टायटेनियमच्या अंशाने निळी झाक येते, क्रोमियमने लाल. कठीणपणा ९, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल; रोज वापरायच्या अंगठीला म्हणूनच नीलम चालतो.

किंमत मुख्यतः रंगावर ठरते. पेढीतल्या झगझगीत दिव्यांखाली सगळेच खडे खुलतात, म्हणून खडा दाराशी, दिवसाच्या उजेडात न्या. पांढऱ्या कागदावर पालथा ठेवा. कुठे गडद, कुठे फिका असे पट्टे लगेच कळतात. फार काळपट खडा संध्याकाळी काळाच दिसतो, तो टाळावा. भिंगातून सुईसारखे बारीक धागे दिसले तर बिचकू नका, ते बहुधा नैसर्गिकपणाची खूण. वक्र रेषा मात्र कृत्रिम खड्याच्या.

भट्टीत तापवून रंग खुलवलेला नीलम खराच असतो, फक्त न तापवलेल्याइतका दाम त्याला देऊ नये. भेगांत काच भरलेला मुळीच घेऊ नका: लिंबाच्या रसानेही ती काच खराब होते. आणि ‘काश्मिरी’ म्हणून कुणी चढा भाव सांगितला, तर प्रयोगशाळेचा उगमदाखला आधी मागा. काश्मिरी नीलमाच्या पाडर इथल्या खाणीतला उत्तम माल १८८० च्या दशकातच बहुतेक निघून गेला.