केंद्रकाजवळची काडी

वऱ्हाडात सँडफ्लायचं नाव निघालं की चांदीपुरा विषाणूच आठवतो. साहजिक आहे. नागपूर भागातल्या त्याच नावाच्या गावातल्या तापाच्या रुग्णांमधून पुण्याच्या संशोधकांनी १९६५ मध्ये तो विषाणू शोधला आणि २००३ मध्ये त्यानं आंध्र-महाराष्ट्रातली कितीतरी लेकरं नेली. पण ही माशी फक्त विषाणूच वाहते असं नाही. डासाहून लहान, भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलीत वाढणाऱ्या या कुळातली फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस नावाची जात लिश्मानिया डोनोव्हानी हा एकपेशीय परजीवी पसरवते. त्याचा आजार म्हणजे काळा आजार: रेंगाळणारा ताप, खंगत जाणारं अंग, वाढत जाणारी पानथरी.

वऱ्हाडातल्या तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडसारख्या ठिकाणचा हा आजार नव्हे. त्याचं घर बिहार, झारखंड, पूर्व उत्तर प्रदेश आणि बंगालमध्ये. पण कामासाठी माणसं देशभर फिरतात आणि परजीवी शरीरात वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. एचआयव्हीनं किंवा मूत्रपिंडरोपणानंतरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती खचली की तो डोकं वर काढतो.

अशा रुग्णात निदानाची नेहमीची वाट बुजते. आरके-३९ ची पट्टी बोटातल्या थेंबभर रक्तावर चटकन उत्तर देते, पण ती परजीवी शोधत नाही, त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं शोधते. म्हणजे चोर नव्हे, ठाण्यातली तक्रार बघायची. ठाण्यात शिपाईच उरले नसतील तर तक्रार लिहिणार कोण? शिवाय एकदा बरं झालेल्याच्या रक्तात जुनी प्रतिपिंडं बरीच वर्षं राहतात. एचआयव्हीत हा आजार वारंवार उलटतो, आणि नेमकं तेव्हा पट्टीवरची रेघ जुनी की नवी ते कळत नाही.

मग परजीवीलाच गाठावं लागतं. अस्थिमज्जेचा थेंब काचेवर पसरून त्याला रंग द्यायचा. तो रंगही बहुधा लिश्मनचाच, ज्यानं १९०३ मध्ये डमडमहून परतलेल्या सैनिकाच्या पानथरीत सापडलेल्या परजीवीचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी मद्रासेत डोनोव्हानलाही तो दिसला. रोनाल्ड रॉसनं नावात दोघांना जागा दिली. भिंगाखाली भक्षक पेशी दोन ते चार मायक्रॉनच्या अंडाकृती दाण्यांनी गच्च भरलेली दिसते. इथे घाई नडते. हिस्टोप्लाझ्मा ही बुरशीही याच पेशीत, साधारण याच मापाची, आणि अशाच खचलेल्या रुग्णांत सापडते. फरक एका काडीचा: लिश्मानियाच्या गोल केंद्रकाशेजारी एक बारीक गडद काडी असते, बुरशीत ती नसते. दोघांवर सुरुवातीचं औषध एकच, अँफोटेरिसिन. पुढचे उपचार मात्र वेगळे.

ही काडी म्हणजे एकमेकींत अडकलेल्या हजारो डीएनए-कड्यांचं जाळं, चिलखतासारखं विणलेलं. एकाच परजीवीत इतक्या कड्या असल्यानं पीसीआरला मोजके परजीवीही पुरतात. एचआयव्हीच्या रुग्णात ते रक्तात इतके फिरतात की कित्येकदा दंडातलं रक्तच पुरतं. पानथरीत सुई घालून रक्तस्रावाचा धोका पत्करावा लागत नाही.

एवढ्यावर भागत नाही. भारतातल्या काळ्या आजाराच्या काही नमुन्यांत लिश्मानियासोबत लेप्टोमोनास हा चुलतभाऊही सापडला. तो खरं तर कीटकांचा परजीवी. काडी त्यालाही असते. त्यांना वेगळं करायला जनुकंच तपासावी लागतात.

हे सगळं होणार कधी? डॉक्टरांच्या मनात काळा आजार आला तर. केसपेपरवर पत्त्याच्या रकान्यात मात्र एवढंच लिहिलेलं असतं: हिवरखेड, ता. तेल्हारा.