सीट बदलली आणि आई एसटीने जाऊ लागली

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात. विषय मात्र आमच्या मेकॅनिकलचाच आहे : मोटरसायकलची सीट.

सेकंड इयरला बाबांची जुनी स्प्लेंडर माझ्या ताब्यात आली. सीटचं रेक्झिन फाटलेलं, फोम दबून पापड झालेला. मी एका दुकानात टांगलेली 'स्पोर्टी' सीट उचलली. पुढे खोलगट, मागे निमुळती आणि चढी, वर लाल दोऱ्याची शिलाई. ती बसवायला मागचा धरायचा दांडा काढावा लागला. काढला! पार्किंगमध्ये दोन दिवस भरपूर भाव खाल्ला.

आमचं घर पावसजवळ. दर रविवारी आई माझ्यासोबत डबलसीट रत्नागिरीला आजीकडे यायची. गोळपपासून भाट्याच्या पुलापर्यंत आमच्या गप्पा चालायच्या. घरी बाबांसमोर न निघणारे विषय तिथे निघायचे. नव्या सीटचे तीन रविवार झाले आणि आई म्हणाली, "तू हो पुढे, मी एसटीने येते. मला एसटी बरी पडते." पुढच्या रविवारीही तेच. मला वाटलं, माझ्या स्पीडला घाबरली असेल. शेवटी आजीने फोडलं. "अरे, कंबर धरलीय तिची तुझ्या त्या सीटवर. तुला नाही बोलायची ती."

मग मी अभ्यासाला लागलो. (परीक्षेच्या नव्हे!)

पहिला गैरसमज म्हणजे मऊ सीट आरामदायी असते. दुकानात आपण सगळे अंगठ्याने फोम दाबून बघतो. पण आपण अंगठ्यावर बसत नाही. बसल्यावर भार मुख्यतः बैठकीच्या दोन हाडांवर येतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे शाळेतच घोकलेलं. समजा सीटवर ४५० न्यूटन भार आहे. तो ३०० चौरस सेंटिमीटरवर पसरला तर दर चौरस सेंटिमीटरला १.५ न्यूटन, आणि १५० वरच आला तर सरळ दुप्पट. फार मऊ फोम पहिली पाच मिनिटं गादीसारखा वाटतो, मग हाडांखाली पूर्ण चेपतो आणि आपण थेट सीटच्या तळावर बसतो. त्यानंतर खड्डा आला की तो फोमला नाही, कण्याला कळतो. उभ्या दिशेने येणाऱ्या साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या कंपनांना बसलेलं शरीर सर्वात जास्त संवेदनशील असतं. रस्त्याचे धक्के नेमके त्याच्या आसपासचे.

दुसरी गंमत 'डेन्सिटी'ची. दुकानदार म्हणतो, "चाळीस डेन्सिटी आहे, एकदम कडक!" डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोग्रॅममध्ये वजन. कडकपणा वेगळा. ठरावीक मापाची चकती फोममध्ये ठरावीक खोलीपर्यंत दाबायला किती बल लागतं, त्यावरून तो मोजतात. जास्त डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो, आणि तो सहसा जास्त दिवस टिकतो. म्हणून डेन्सिटी टिकाऊपणासाठी विचारावी, आणि आराम बसूनच बघावा. निदान अर्धा तास, आणि शक्य झालं तर दोघांनी.

हे 'दोघांनी' मी विसरलो होतो. चालवणाऱ्याचा थोडा भार पायांवर आणि हँडलवर जातो, खड्डा दिसला की तो अंग उचलतो. मागच्याला खड्डा दिसतच नाही. त्यात तो बसतो मागच्या चाकाच्या जवळजवळ वर, तिथे उसळी जास्त. आणि आई साडीत, म्हणजे एका बाजूला पाय सोडून. मांडीला आधार देण्याइतकी रुंदी त्या निमुळत्या शेपटीत नव्हतीच. उतार पुढे असल्यामुळे प्रत्येक ब्रेकला ती माझ्यावर घसरायची आणि धरायला काय, तर माझा शर्ट! नंतर कळलं की धरायचा दांडा ही हौस नसून कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ : मागच्या माणसासाठी हाताला पकड, पाय ठेवायला जागा, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारं संरक्षण, म्हणजे आपला साडीगार्ड. साडीगार्ड मी काढला नव्हता, एवढंच काय ते पुण्य.

जुन्या सीटचा तळ माळ्यावर होता, तो घेऊन कुशनवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "मागे कोण बसतं?" एवढ्या दुकानांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी खाली कडक फोमचा थर घातला, वर पातळ मऊ थर. मागचा भाग सपाट आणि रुंद. मी म्हटलं, अजून दोन इंच जाड करा. तर म्हणाले, "मग तुझे पाय जमिनीला टेकतील का? आणि आई चढेल कशी?" खरंच की! उंची वाढली की थांबताना तोल जातो, आणि पुढची रुंदी वाढली तरी पाय फाकून तेच होतं.

आपल्याकडे पावसाचा विचार वेगळा करावा लागतो. वरच्या बाजूला सुईची भोकं असली की पाणी आत जातं, आणि स्पंज झालेला फोम श्रावणातही वाळत नाही. म्हणून शिलाई कडेला घेतली, फोमवर प्लॅस्टिकचा कागद. लाल दोरा गेला. मागचे शॉकॲब्सॉर्बर दोघांच्या वजनाप्रमाणे एक खाच घट्ट करून घेतले. तेच जर दगड झालेले असतील तर सीट बिचारी किती करणार?

दांडा परत बसवला. रविवारी आई बसली, काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. भाट्याच्या पुलावर मागून आवाज आला, "काय रे, मॅथ्सचा निकाल लागला म्हणे?"

मी स्पीड वाढवला.