बोंडलं चालेल का?

निपाणीहून एका आजींनी विचारलंय: नात पस्तिसाव्या आठवड्यातच झाली, वजन दोन किलो शंभर ग्रॅम. दोन घोट घेते आणि आईच्या छातीशीच झोपी जाते. डॉक्टर म्हणाले, दूध काढून वाटी-चमच्यानं पाजा, बाटली नको. आजींच्या फडताळात जुनं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं, आहे. ते चालेल का?

चालेल. पण आधी नातीची बाजू ऐका. ती आळशी नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. पस्तिसाव्यात तो बसतो, पण टिकत नाही. नवख्या ढोलकीवाल्यासारखं, दोन आवर्तनं ठीक, तिसऱ्याला दम संपला. उलटी धरलेली बाटली कुणासाठी थांबत नाही, बाळ श्वास घेत असलं तरी गळतच राहते. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवून दूध नुसतं काठाशी आणलं, की बाळ ते जिभेनं ओढून घेतं, थांबतं, पुन्हा घेतं. मात्र पायांवर आडवं घालून घशात ओतायची आपली जुनी रीत सोडा. ठसका तिथेच लागतो. बाळ उभट धरायचं.

शेजारच्या कानडी घरात यालाच ओळले म्हणतात, तमिळ घरात पालडै. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली कमी वजनाच्या बाळांसाठी सूचना काढल्या, त्यांत 'चोच असलेला कप' म्हणून हे पालडै नावानिशी आहे. पुढे अमेरिकेत सिलिकॉनचा चोचवाला कप 'नवा' म्हणून आला. चित्र पाहून मला हसूच आलं, हा तर आमच्या बोंडल्याचा नातू! अर्थात अभिमानही बेतानंच. १९९९ साली भारतात झालेल्या एका चाचणीत पालडैनं पाजताना वेळ कमी लागला, सांडलंही कमी. २००७ साली लंडनमध्ये नेमकं उलट दिसलं. माझा अंदाज, फरक भांड्याचा नसून हातांचा. तिथल्या परिचारिकांनी ते आयुष्यात कधी धरलं होतं?

आजी, बोंडलं कशाचं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. पितळेचं असेल तर राहू दे. इथे मला पुण्याची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लहान मुलांचं यकृत दगडासारखं घट्ट करून जीव घेणारा एक आजार आपल्याकडे होता, आणि बरीच वर्षं तो आनुवंशिक असल्याचा संशय होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या शीला भावे आणि आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या स्टुअर्ट टॅनर यांच्या साथीनं घरांत काय पाजतात, कशात तापवतात, हे विचारायला सुरुवात केली. उत्तर चुलीवर होतं. पितळी भांड्यात तापवून ठेवलेल्या गाई-म्हशीच्या दुधात तांबं उतरत होतं, दुधातल्या केसीनला चिकटून थेट यकृतात जात होतं. १९८३ साली हा तर्क 'लॅन्सेट'मध्ये आला. स्टील आलं, वरचं दूध उशिरा सुरू करायचा सल्ला पोचला, आणि आजार जवळपास नाहीसा झाला. एवढं मोठं काम, पण नवं औषध निघालं की पानभर छापणाऱ्या आपल्या वर्तमानपत्रांत भावे-पंडितांची नावं कितीदा वाचलीत?

तर स्टीलचं किंवा चांदीचं, दर वेळी उकळून. चोचीच्या सांध्यात काळं बसतं, तिथे बारीक ब्रश घाला. आत फक्त आईचं दूध, चिकासकट. दिवस भरण्याआधी बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिनंही जास्त असतात. मध, गुटी, पाणी यांतलं काही नको. लोहाचा साठा बाळ आईकडून शेवटच्या तिमाहीत भरून घेतं. नातीचा तो अपुरा राहिलाय, म्हणून डॉक्टर काही दिवसांनी थेंब देतील, ते चुकवू नका. दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा, झोपमोड झाली तरी.

आणि वजन. दीड ते अडीच किलोच्या बाळांचा भारत, मलावी आणि टांझानियात एक अभ्यास झाला. त्यात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे संशोधकही होते. सहा महिन्यांची होईतो सुमारे एक तृतीयांश बाळं उंचीत मागे पडली होती. दोन आठवड्यांत जन्मवजन परत न गाठलेल्यांचं प्रमाण त्यांत जास्त. तेव्हा चौदाव्या दिवशी काट्यावर ठेवलंत, की आकडा कळवा.