फिल्मच्या पोटातली सुप्त प्रतिमा

कॅमेऱ्याची फिल्म म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर चढवलेला जिलेटिनचा पातळ थर असून, त्या थरात चांदी आणि ब्रोमीन यांच्या संयुगाचे, म्हणजे सिल्व्हर ब्रोमाइडचे, असंख्य सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. शटर उघडताच ज्या स्फटिकावर प्रकाश पडतो त्यातील इलेक्ट्रॉन मोकळे होतात, ते चांदीच्या आयनांना, म्हणजे विद्युतभारित अणूंना, मिळतात आणि धातुरूप चांदीच्या मोजक्या अणूंचा एक ठिपका तयार होतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या या ठशालाच ‘सुप्त प्रतिमा’ म्हणतात.

रोल धुताना वापरले जाणारे डेव्हलपर हे रसायन नेमका हा ठिपका हेरते. तो ज्या स्फटिकावर असेल त्यातील अब्जावधी आयनांची काळी चांदी होते, तर उरलेले स्फटिक ‘हायपो’ने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाने, विरघळून जातात. जिलेटिनचे कामही केवळ स्फटिकांना धरून ठेवण्याचे नाही. त्यातील गंधकयुक्त संयुगांच्या अत्यल्प अंशामुळे फिल्मची प्रकाशसंवेदनक्षमता वाढते, हे कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी 1925च्या सुमारास दाखवून दिले आणि त्या अंशाचा माग जनावरांच्या चाऱ्यातील मोहरीवर्गीय वनस्पतींपर्यंत जाऊन पोचला.

सुप्त प्रतिमा किती काळ तग धरू शकते, याचा दाखला आर्क्टिक प्रदेशात मिळाला. 1897मध्ये बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघालेले स्वीडनचे आंद्रे आणि त्यांचे दोन सहकारी बर्फात मरण पावले; 1930मध्ये क्विटोया बेटावर त्यांच्या अवशेषांसोबत न धुतलेली फिल्म सापडली आणि स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग यांनी ती जपून धुतली, तेव्हा 240पैकी 93 चित्रे वाचली. त्यांपैकी एकात बर्फावर आडवे कोसळलेले बलून आणि त्याकडे पाहत उभी असलेली दोन माणसे दिसतात. तो प्रकाश 33 वर्षे फिल्मवर थांबून राहिला होता.

डिजिटल सेन्सरमध्ये मात्र प्रकाशाने निर्माण केलेला विद्युतभार तत्काळ वाचून आकड्यांत साठवावा लागतो, कारण उष्णतेनेही तेथे इलेक्ट्रॉन मोकळे होऊन मूळ नोंदीत मिसळू लागतात. वेग, सोय आणि अंधुक प्रकाशातील क्षमता यांत सेन्सर पुढे गेला, हे निर्विवाद आहे. तरीही फिल्मचे उत्पादन सुरू आहे आणि 2023चा ‘ओपनहायमर’ हा चित्रपट फिल्मवरच चित्रित झाला. निगेटिव्ह वाचायला दिवा आणि भिंग पुरते, कारण तिच्यात प्रकाशाचा ठसा पदार्थातच उमटलेला असतो, आणि फिल्मचे आजचे मोल याच गुणात आहे.