विश्लेषण : बार्शी लाइटच्या मॉडेलला अमेरिकन सांधा कसा बसतो?

घरच्या टेबलावर छोटी रेल्वे उभारणाऱ्यांना सर्वांत जास्त छळतो तो सांधा. सरळ रूळ विकत मिळतात, डबे मिळतात. पण गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर नेणारा सांधा अर्धा मिलिमीटर चुकला, तरी डबा घसरतो. यावर उपाय म्हणजे संगणकावर सांध्याचा आराखडा काढायचा, तो कागदावर छापायचा आणि त्याच कागदावर रूळ जोडायचे. तेरच्या परिसरातून धावलेल्या नॅरोगेज गाडीचे मॉडेल करायचे असेल, तर अमेरिकन पद्धतीचा आराखडा चांगला आधार ठरतो. कसा, ते समजून घेऊ.

तेरचा आणि अमेरिकेचा संबंध काय?

ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. पुढे ती तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली. येडशी, कसबे तडवळे, ढोकी हा तिचा पट्टा. तेर त्याच्या शेजारीच. दोन रुळांमधले अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर.

आता मॉडेलच्या दुनियेकडे वळू. जगभर सर्वाधिक चालणारे प्रमाण 'एचओ', म्हणजे मूळ वस्तूच्या ८७ व्या भागाएवढे. या प्रमाणातल्या एका नॅरोगेज प्रकाराला अमेरिकेत 'एचओएन-३०' म्हणतात. यातला 'एन' नॅरोगेजचा आणि ३० हा आकडा इंचांचा. तीस इंच म्हणजेच अडीच फूट! गंमत अशी की, अमेरिकेत या नावाखाली अनेकदा मेन राज्यातल्या दोन फुटी रेल्वेची मॉडेल्स केली जातात. बार्शी लाइटला मात्र हे नाव इंचाइंचाने लागू पडते.

हिशेबही जुळतो. ७६२ ला ८७ ने भागले की ८.७५ मिलिमीटर येतात. बाजारात मिळणारा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. म्हणजे चूक फक्त पाव मिलिमीटरची. याउलट, आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर याच प्रमाणात १९.२ होतात, पण नेहमीचा एचओ रूळ १६.५ चा असतो. त्यावर भारतीय ब्रॉडगेज गाडी ठेवली की रूळ अरुंद दिसतात. त्या मानाने बार्शी लाइट नशीबवान.

सांध्याचा 'क्रमांक' म्हणजे काय?

सांध्याचे तीन मुख्य भाग असतात. पहिला, टोकदार हलणारे रूळ. दुसरा, मधले वळणदार रूळ. तिसरा, दोन रूळ एकमेकांना छेदतात ती 'व्ही' आकाराची जागा. तिला आपल्याकडे क्रॉसिंग म्हणतात, अमेरिकेत फ्रॉग. या 'व्ही'चा कोन अंशात सांगण्याऐवजी क्रमांकाने सांगतात. सहा एकक पुढे गेल्यावर रूळ एक एकक फाकत असतील, तर तो सहा क्रमांकाचा सांधा. आकडा मोठा, तितके वळण सौम्य.

इथे एक खाच आहे. अमेरिकन पद्धतीत हे सहा एकक 'व्ही'च्या मधोमध मोजतात. भारतीय रेल्वेत ते एका रुळावर मोजून काटकोनात अंतर घेतात. त्यामुळे अमेरिकन सहा क्रमांकाचा कोन ९ अंश ३१ मिनिटे येतो, आपल्या पद्धतीने ९ अंश २७ मिनिटे. फरक नगण्य वाटतो, पण २० सेंटिमीटर लांबीवर तो सुमारे पाव मिलिमीटर होतो. अर्धा आराखडा एका पद्धतीने आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीने काढला, तर रुळात न दिसणारी गाठ राहते. सॉफ्टवेअर कोणत्या पद्धतीने मोजते आहे, हे म्हणूनच आधी तपासावे.

कोणता क्रमांक निवडावा?

ढोबळ सूत्र सोपे आहे. क्रमांकाचा वर्ग करा, त्याला रुळांमधल्या अंतराने गुणा आणि दुप्पट करा. वळणाची अंदाजे त्रिज्या मिळते. ९ मिलिमीटरच्या रुळावर चार क्रमांकाला सुमारे २९ सेंटिमीटर त्रिज्या मिळते, सहाला सुमारे ६५. प्रत्यक्षात, विशेषतः हलणारे रूळ सरळ असतील तर, ती आणखी थोडी कमी भरते.

टेबल लहान असेल, तर चार क्रमांकाचा मोह होतो. पण बार्शी लाइटची सुरुवातीची, किटसन कंपनीची इंजिने आठ जोडचाकांची होती. रुळावरचा भार पसरून प्रत्येक आसावर पाच टनांच्या आत ठेवायचा, हे कॅलथ्रॉपचे तत्त्व होते. चाकांची अशी लांब रांग तीव्र वळणात अडते. अशा इंजिनासाठी सहा क्रमांक सुरक्षित.

सॉफ्टवेअर कोणते आणि त्यात काय बदलायचे?

'टेम्प्लॉट' हे मार्टिन वाइन यांचे ब्रिटिश सॉफ्टवेअर खास याच कामासाठी आहे. 'एक्सट्रॅककॅड'मध्येही सांधा रचण्याची सोय आहे. दोन्ही मोफत आहेत. मात्र ती संगणकावर चालतात, मोबाइलवर नाही.

टेम्प्लॉट मुळात ब्रिटिश रुळांचा विचार करते. अमेरिकन धाटणी हवी, तर क्रमांक मोजण्याची पद्धत, हलणाऱ्या रुळांचा आकार आणि स्लीपरची लांबी, रुंदी व अंतर बदलावे लागते. हलणाऱ्या रुळांच्या टोकाशी अमेरिकेत दोन जादा लांब स्लीपर असतात. सांधा फिरवायचा खटका त्यांच्यावर बसतो. तेही आराखड्यात घ्यावे लागतात.

छापताना आणि जोडताना काय जपायचे?

प्रिंटरला 'पानात बसवा' असे कधीही सांगू नका. १०० टक्के आकारच निवडा. आराखड्याशेजारी १०० मिलिमीटरची रेघ ठेवा आणि छापल्यावर ती पट्टीने मोजा. ९८ भरली, तर ९ चे ८.८ झाले आणि चाके अडकणार.

कागद योग्य असला, तरी त्यावर फक्त जागा ठरवावी. रुळांमधले अंतर धातूच्या गेजनेच तपासावे. त्यासाठीची मानके अमेरिकेतल्या 'नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन'ने ठरवली आहेत. ही संस्था १९३५ ची. धातूचा फ्रॉग असेल, तर त्याच्या रुळांत विजेसाठी फट ठेवायला विसरू नका, नाहीतर शॉर्टसर्किट होते.

एवढा खटाटोप कशासाठी?

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. छोट्या रेल्वेची आवड मराठी माणसाला नवी नाही. पण तेरच्या पट्ट्यात मुद्दा आवडीपुरता नाही. कुर्डुवाडी-लातूर मार्ग २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाला, धाराशिवला जोडण्यासाठी त्याची वाटही बदलली. जुने नॅरोगेज यार्ड आता छायाचित्रांत आणि ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केला, त्यांच्या आठवणीत उरले आहे. कोणत्या स्थानकात किती रूळ होते, मालधक्का कोणत्या बाजूला होता, सांधा कुठे फुटत होता, हे विचारायचे तर आत्ताच.

सॉफ्टवेअर तीस इंचांचा अचूक सांधा काढून देईल. तो तडवळ्याचा की मेन राज्यातला, हे त्याला कळत नाही. अमेरिकन आराखड्यातून भूमिती घ्यावी. स्लीपर, खटके आणि यार्डाची मांडणी मात्र इथल्या छायाचित्रांवरून आणि माणसांकडूनच भरावी.

आणि शेवटची चाचणी विसरू नये. संतांमध्ये कच्चे मडके कोणते, हे तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने पारखले, अशी कथा आहे. सांध्याची पारखही हातानेच होते. इंजिन लावण्याआधी एक सुटा डबा बोटाने हळूच ढकलावा, दोन्ही मार्गांवर, दोन्ही दिशांनी. कुठेही न अडखळता गेला, तरच खिळे पक्के करावेत.