बागेवर हिंव केव्हां पडेल याचा अदमास

थंडीचे दिवस आले म्हणजे द्राक्षांच्या व भाजीपाल्याच्या बागाइतदारास रोज सायंकाळीं एकच प्रश्न पडतो : आज रात्रीं हिंव पडेल काय? अदमास एका बाजूनें चुकला तर पाणी, सर्पण व मजुरी व्यर्थ जाते. दुसऱ्या बाजूनें चुकला तर कोंवळी पालवी एका रात्रींत करपते. हा अदमास कसा बांधावा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या थंड देशांत हिंव दरवर्षीं पडतें, तेथें पुष्कळ वर्षांच्या नोंदींवरून पहिल्या हिंवाची सरासरी तारीख काढतात. परंतु सरासरी तारखेच्या आधींच सुमारें निम्म्या वर्षीं हिंव येऊन गेलेलें असतें, हें विसरूं नये. आपल्याकडे तर तें एखाद्या वर्षींच पडतें. त्यामुळें तारखेवर विसंबून चालत नाहीं. प्रत्येक रात्रीचा विचार निराळा केला पाहिजे.

पुणें येथें १७ जानेवारी १९३५ रोजीं उष्णमान १.७ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरलें होतें. निफाडास डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तें १.८ अंश होतें. हे आंकडे शून्याच्या वरचे आहेत, मग हिंव कसें पडावें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, वेधशाळेचें उष्णतामापक यंत्र जमिनीपासून सुमारें ४ फूट उंचीवर, झडपांच्या पेटींत असतें. निरभ्र व निवांत रात्रीं जमीन व पानें आपली उष्णता आकाशाकडे टाकीत असतात. त्यामुळें पान पेटींतील हवेपेक्षां कित्येक अंश अधिक थंड होतें. म्हणून वेधशाळेचा आंकडा ४ अंशांच्या आसपास येऊं लागला कीं सावध व्हावें.

अशी रात्र येण्यापूर्वीं बहुधा एक क्रम दिसतो. पश्चिमेकडून आलेलें वादळ उत्तर भारतावरून जातें व हिमालयांत बर्फ पडतें. त्या वेळीं इकडे कधीं ढग येतात आणि रात्री उबदार असतात. मग आकाश निवळतें व उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. वारा वाहत असेपर्यंत वरची उबदार हवा खालीं मिसळत राहते. तो ज्या सायंकाळीं पडतो, ती रात्र धोक्याची. हवा फार कोरडी असेल तर भय अधिकच. कारण दंव पडतांना जी उष्णता बाहेर पडते, तिचा आधार उशिरां मिळतो. कधीं पांढरें हिंव न दिसतांच पानें काळीं पडतात, तें यामुळेंच.

जमिनीचा उतारही पाहावा. थंड हवा जड असल्यामुळें ती पाण्याप्रमाणें सखल भागीं, ओढ्याकांठीं व बांधाच्या वरच्या अंगास सांचते. एकाच मळ्यांत टेकाडावरची बाग वांचते व खालची जळते.

यास्तव बागाइतदारानें आपल्या सर्वांत सखल तुकड्यांत एक न्यूनतम उष्णतामापक यंत्र, पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर, आकाशाखालीं उघडें टांगावें. तें जमिनीवर ठेवूं नये. डॉ. रामदास व आत्मनाथन् यांनीं १९३२ सालीं प्रसिद्ध केलेल्या वेधांत असें आढळलें कीं, उघड्या जमिनीवर निवांत रात्रीं सर्वांत थंड हवा मातीला लागून नसून कांहीं इंच वर असते. रोज सकाळीं आपला आंकडा व जवळच्या वेधशाळेचा आंकडा शेजारीं शेजारीं लिहावा. मात्र हिशेबांत निरभ्र व निवांत रात्रीच घ्याव्या. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्रीं दोहोंतील अंतर जवळजवळ नाहींसें होतें, व त्या मिळविल्यास सरासरी फसवी ठरते. समजा, अशा रात्रीं आपली बाग ३ अंशांनीं अधिक थंड राहते. मग वेधशाळेनें ४ अंशांचें भाकीत केल्यास बागेंत १ अंश धरावा, आणि भाकितांतही एखाद्या अंशाची चूक होते हें जाणून तयारी करावी.

तयारी म्हणजे दिवसां पाणी देऊन जमीन ओली ठेवणें. ओली माती दिवसाची उष्णता अधिक साठविते. शेकोट्या करावयाच्या तर एका मोठ्या जाळापेक्षां अनेक लहान बऱ्या. कारण उपयोग धुरापेक्षां उष्णतेचा अधिक. सर्वांत थंड वेळ सूर्योदयाच्या सुमारास असते, म्हणून सर्पण तोंपर्यंत पुरवावें.

एका हिंवाळ्याची वही पुढच्या हिंवाळ्यास मार्ग दाखविते. दोन-तीन वर्षांत आपल्या बागेचा स्वभाव जितका या वहींतून कळेल, तितका दुसऱ्या कोणाच्याही सांगण्यावरून कळणार नाहीं. ती या वर्षींच सुरू करावी, अशी आमची सूचना आहे.